हशाचा मागचा दरवाजा

27 ऑक्टोबर 1976 रोजी फ्रान्समध्ये ‘लेल ऊ ला क्युइस’ नावाचा चित्रपट लागला. नावाचा अर्थ साधा: कोंबडीचा पंख की तंगडी? शार्ल द्युशमां हा रेस्टॉरंटांची मार्गदर्शिका काढणारा बडा माणूस. त्याच्या एका शेऱ्यावर हॉटेलवाल्यांचं नशीब ठरतं. आपल्यामागे ही गादी मुलाने चालवावी, एवढीच त्याची इच्छा. मुलगा मात्र बापाला अंधारात ठेवून सर्कशीत विदूषकाचं काम करतो.

बाप झाला होता लुई द फ्युनेस, वय 62. आदल्या वर्षी मार्चमध्ये रंगमंचावरचे प्रयोग चालू असतानाच त्याला हृदयविकाराचे झटके आले होते. आता याला घेऊन चित्रपट काढायचा म्हणताच विमा कंपन्या बिचकल्या. निर्माता क्रिस्तियां फेश्नेरने धोका पत्करला आणि सेटवर वैद्यकीय व्यवस्था सज्ज ठेवून चित्रीकरण उरकलं. मुलाच्या भूमिकेसाठी आधी पिएर रिशारला विचारलं होतं. त्याने नकार दिल्यावर ती कोलूशकडे गेली. जाडसर, कुरळ्या केसांचा, तोंडाने फटकळ, 31 वर्षांचा. त्याचं नाव सभ्य घरांत जरा दबक्या आवाजातच घेतलं जाई.

चित्रपटाची 58 लाख तिकिटं विकली गेली. फ्रेंच विनोदाच्या दोन पिढ्या त्यात समोरासमोर उभ्या होत्या, आणि दोघांचं चांगलं जमलंही. मात्र त्या पडद्यापर्यंत पोचण्याची दोघांची वाट अगदी वेगळी होती.

द फ्युनेसची वाट लांब आणि कंटाळवाणी. पॅरिसजवळच्या कुर्बव्हुआमध्ये 1914 साली स्पॅनिश आईबापांच्या पोटी जन्म. थोडं फरकोट शिवण्याचं काम शिकून झालं, आणखी दहा धंदे करून झाले. मग जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये पिगालच्या बारमध्ये रात्र रात्र पियानो. महायुद्ध संपता संपता सिनेमात पाऊल पडलं ते दार उघडणाऱ्या माणसाच्या छापाच्या भूमिकेत. पुढची पंधरा-अठरा वर्षं हेच. वेटर, कारकून, शेजारी, खडूस दुकानदार. अशा लहानमोठ्या भूमिकांची संख्या शंभराच्या घरात जाते. 1956 च्या ‘ला त्राव्हेर्से द पारी’मध्ये त्याने तळघरात चोरून डुक्कर कापणारा वाणी केला. समोर झां गाबां आणि बुरविल, म्हणजे तेव्हाचे दोन भारी गडी. प्रसंग एवढासा, पण त्यात पुढचा सगळा द फ्युनेस दिसतो. मोठ्यासमोर लाचार, धाकट्यावर गुरगुरणारा, आणि या दोन अवस्थांत पापणी लवते न लवते तोच ये-जा करणारा.

तरी नशीब उघडायला 1964 उजाडलं. त्या सप्टेंबरात ‘सें-त्रोपेचा जांदार्म’, नोव्हेंबरात ‘फांतोमास’. दोन महिन्यांत पन्नाशीचा हा दुय्यम नट देशातला सर्वांत महागडा चेहरा होण्याच्या रस्त्याला लागला. पुढच्या वर्षी दिग्दर्शक जेरार ऊरीने त्याला बुरविलसोबत ‘ल कोर्निओ’त घेतलं. बुरविल हा नॉर्मंडीच्या शेतकरी घरातला, भोळसट चेहऱ्याचा. चित्रपटाच्या सुरुवातीलाच त्याची चिमुकली सित्रोएन एका धडकेत अक्षरशः सुटी सुटी होऊन रस्त्यावर पसरते. हातात नुसतं स्टिअरिंग धरून तो उभा, आणि धडक देणारा द फ्युनेस आता भांडायचं की पळायचं याचा हिशोब करतोय. 1 कोटी 17 लाख लोकांनी हे पाहिलं.

1966 च्या डिसेंबरात आलेल्या ‘ला ग्रांद व्हाद्रुई’ने तर कळस केला. जर्मन सैन्यापासून पळणारे दोन फ्रेंच: एक रंगारी, एक ऑपेराचा वाद्यवृंद-संचालक. या संचालकासाठी द फ्युनेस काही महिने खरंखुरं संचालन शिकला. पॅरिसच्या ऑपेरागृहात बर्लिओझच्या संगीताचा प्रसंग झाला तेव्हा वाद्यवृंदातल्या वादकांनी त्याला दाद दिली. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास असताना या चित्रपटाची 1 कोटी 72 लाखांहून जास्त तिकिटं गेली. ‘टायटॅनिक’ येईपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, फ्रान्समध्ये कुणी हा आकडा ओलांडला नाही.

टीकाकारांना हे फारसं पटत नव्हतं. तोंडं वेंगाडणं म्हणजे अभिनय काय, असा सूर असे. द फ्युनेसला फ्रेंच सिनेमाचा सेझार पुरस्कार मिळाला तो 1980 मध्ये, तोही सन्मानार्थ, अमेरिकन विनोदवीर जेरी लुइसच्या हातून. तीन वर्षांनी, जानेवारी 1983 मध्ये, तो गेला. उत्कृष्ट अभिनेता म्हणून त्याचा विचार कधी झालाच नाही. 1970 साली बुरविल गेल्यावर त्याच्या तोलाचा जोडीदारही पुन्हा मिळाला नव्हता. ‘ला फोली दे ग्रांदर’मधली नोकराची भूमिका बुरविलसाठी लिहिलेली होती, ती ईव्ह मोंतांकडे द्यावी लागली. मोंतांने ती छान केली, पण तो भोळेपणाचा ओलावा वेगळाच.

कोलूश आला तो लहान भूमिकांच्या या शिडीच्या बाजूने. शिडी चढायची वाटच पाहायची नाही, असं ठरवून.

मे 1968 मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी फरसबंद रस्ते उखडले, कामगारांनी कारखाने बंद पाडले. सरकार टिकलं, पण नाटकशाळा, निर्माता, एजंट, लहान भूमिका, मग जराशी मोठी भूमिका ही रांग धरायला पुष्कळ तरुणांनी नकार दिला. 1969 मध्ये रोमां बुतेय आणि कोलूश यांनी मित्रमंडळी जमवून माँपार्नास स्टेशनजवळच्या एका जुन्या कारखान्यात ‘काफे द ला गार’ उघडलं. डागडुजी, सुतारकाम सगळं त्यांनी आपल्याच हातांनी केलं. मंडळींत मिऊ-मिऊ होती, पात्रिक द्व्हेर होता, आंरी गिबे होता. जेरार दपार्दिएही काही काळ येऊन गेला. तिकिटाचा दर एक चाक फिरवून ठरे. कुणाला जवळपास फुकट, कुणाला महाग. दिग्दर्शक नावाचा प्राणी नाही. संहिता रोज प्रेक्षकांच्या हशावर घासून घासून बदलायची.

या प्रकाराला काफे-तेआत्र म्हणत. जागा लहान, नेपथ्य जेमतेम, प्रेक्षक इतका जवळ की नटाला त्याचा श्वास ऐकू यावा. हजार खुर्च्यांच्या थिएटरात चालणारा हातवारे करून मारलेला विनोद इथे भडक वाटे. आवाज खाली आला, बोली रस्त्यावरची झाली, शिव्या आल्या, लैंगिक गोष्टी उघड बोलल्या जाऊ लागल्या. कोलूशला इथे फार दिवस निभावता आलं नाही. दारू आणि तापट स्वभाव यांपायी मंडळींशी बिनसलं आणि तो बाहेर पडला. 1974 मध्ये मात्र ‘एका माणसाची गोष्ट आहे…’ अशा थाटाच्या एकट्याच्या सादरीकरणाने तो घराघरात पोचला. पुढे 1980 मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. सुरुवातीला सगळे हसले. एका पाहणीत 16 टक्क्यांच्या आसपास मतं दिसू लागली तेव्हा राजकारणी हसायचे थांबले. 1981 च्या मार्चमध्ये त्याने माघार घेतली.

त्याच 1974 साली बेर्त्रां ब्लिएच्या ‘ले व्हाल्झ्यूझ’मध्ये दपार्दिए, द्व्हेर आणि मिऊ-मिऊ असे तिघं एकदम पडद्यावर आले. काफे द ला गारच्या वळचणीला वाढलेले हे चेहरे आता देशभर माहीत झाले. गिबे तर आदल्याच वर्षी द फ्युनेसच्या ‘राबी जाकोब’मध्ये त्याचा ज्यू ड्रायव्हर सालोमों झाला होता. म्हणजे जुन्या दरबारात नव्या वस्तीची माणसं शिरू लागलीच होती.

खरी गंमत मात्र पुढच्या टोळीची.

पॅरिसला लागून असलेल्या नोयी या श्रीमंत उपनगरातल्या पास्तर शाळेत चार मुलं एकत्र होती: जेरार ज्युन्यो, मिशेल ब्लां, तिएरी लेर्मित आणि क्रिस्तियां क्लाव्हिए. नाटकाचं वेड चौघांनाही. त्यांनी त्सिला शेल्तों या अभिनेत्रीकडे धडे घेतले. (याच बाईंनी 1990 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ‘ताती दानिएल’मधली जगाला छळणारी म्हातारी अशी काही केली की सगळं फ्रान्स तिला ओळखू लागलं. शिष्य आधी प्रसिद्ध झाले, गुरू मागाहून.) मारी-आन शाझेल आणि ब्रुनो मुआनो सोबत आले, जोझियान बालास्को थोडी उशिरा. 1974 मध्ये त्यांनी स्वतःचं काफे-तेआत्र थाटलं आणि नाव ठेवलं ‘ल स्प्लांदिद’. भपकेदार असं त्यात काहीच नव्हतं.

कुणीही देखणा नायक नाही, म्हणजे लेर्मितचा अपवाद सोडला तर. ब्लां किरकोळ आणि टकलाकडे झुकलेला, ज्युन्यो ठेंगणा मिशावाला, बालास्को जाडजूड. असल्या माणसांसाठी भूमिका कोण लिहिणार? म्हणून त्यांनी स्वतःच लिहिल्या, सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून. याचा एक परिणाम असा झाला की त्यांच्या नाटकांत मुख्य पात्र असं नसेच. द फ्युनेसच्या चित्रपटात तो मधोमध आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरणारे. इथे सात-आठ लेखक-नट आपापला वाटा मागणारे, त्यामुळे नाटक एका माणसाचं न राहता एका जमावाचं होई. माझ्या मते या मंडळींनी फ्रेंच विनोदाला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच. सगळे सारखेच क्षुद्र, सारखेच हपापलेले, आणि कुणाचाही उद्धार होत नाही.

1977 चं त्यांचं नाटक क्लब मेदितेरानेच्या धर्तीच्या सुट्टीच्या वसाहतीवर होतं. ऊन, समुद्र, मोकळी मैत्री असं सगळं जाहिरातीतलं सुख, आणि त्यात कुणालाही सुख न मिळणं. ‘एमान्युएल’ या कामुक चित्रपटातून भरपूर कमावलेला निर्माता ईव्ह रुसे-रुआर हा क्लाव्हिएचा मामा. त्याच्यामुळे नाटकाचा चित्रपट झाला. दिग्दर्शक पात्रिस लकोंत. त्याचा पहिला चित्रपट, ज्यात कोलूश होता, साफ पडलेला. आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्यावर चित्रीकरण करून ‘ले ब्रोंझे’ नोव्हेंबर 1978 मध्ये लागला आणि बऱ्यापैकी चालला. वर्षभरात त्याच टोळक्याला बर्फात पाठवून दुसरा भाग आला. त्यात ब्लांचा झां-क्लोद द्युस बंद पडलेल्या खुर्चीच्या रोपवेवर एकटा लटकत राहतो. खाली अंधार, आजूबाजूला चिटपाखरू नाही, थंडीने गारठलेला तो जीव धरून राहण्यासाठी गाणं म्हणतो. बाई पटवण्याचा प्रत्येक डाव फसलेला आणि तरीही उद्या नक्की जमेल अशी खात्री बाळगणारा हा द्युस फ्रान्समध्ये विशेषणासारखा वापरला जातो. त्या दुसऱ्या भागाची मूळची तिकीटविक्री मात्र 15 लाखांच्या आसपासच होती.

‘ल पेर नोएल एत्युन ऑर्द्युर’ची कथा अशीच. 1979 चं नाटक, 1982 मध्ये झां-मारी पुआरेने केलेला चित्रपट. नाताळच्या रात्री आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसांचे फोन घेणारं एक केंद्र, तिथले दोन सज्जन स्वयंसेवक, आणि दारावर एकामागून एक येणारी नको ती माणसं. सज्जनता जसजशी वाढते तसतशी प्रेतं पडतात. नाताळबाबाला थेट घाणेरडी शिवी देणारं हे नाव पाहून पॅरिस मेट्रोने पोस्टर लावायला नकार दिला. ऑगस्टमध्ये लागलेला नाताळचा चित्रपट! 16 लाखांच्या आसपास लोक आले. वाईट नाही, पण द फ्युनेसच्या आकड्यांपुढे काहीच नाही. त्यातली तेरेझ करणारी आनेमोन पुढे ‘ल ग्रां शमां’साठी सेझार मिळवून गेली, तरी लोकांना आठवे ती तेरेझच, आणि तिला ते जाचत असे.

या चित्रपटांना आज जो मान आहे तो टेलिव्हिजनने दिला. दर नाताळाला, दर हिवाळ्याच्या सुट्टीत ते दाखवले गेले. मग व्हिडिओ कॅसेट आल्या, मुलांनी त्या झिजेपर्यंत पाहिल्या, आणि थिएटरात न गेलेल्या पिढीला संवाद तोंडपाठ झाले. 2000 च्या दशकात तिसरा ‘ब्रोंझे’ काढायचं ठरलं तेव्हा या मुलांची मुलंही तिकिटाच्या रांगेत होती. 2006 चा तो भाग पहिल्या दोहोंच्या मानाने फिक्का. पाहिलेल्यांपैकी बहुतेकांनी तसं बोलूनही दाखवलं. तिकिटं गेली 1 कोटीहून अधिक. लोक चित्रपटाला नव्हे, आपल्या बालपणाला भेटायला आले होते.

दरम्यान टोळीतला प्रत्येक जण आपापल्या मार्गाला लागला होता. ब्लांने 1984 मध्ये ‘मार्श आ लोंब्र’ दिग्दर्शित केला. 61 लाख प्रेक्षक. दोन वर्षांनी ब्लिएच्या ‘तनु द सुआरे’साठी कानला उत्कृष्ट अभिनेत्याचा मान बॉब हॉस्किन्ससोबत विभागून. बालास्कोने 1995 मध्ये ‘गाझों मोदी’त एका संसारी बाईला दुसऱ्या बाईच्या प्रेमात पाडून दाखवलं, आणि पटकथेचा सेझार घेतला. लेर्मितने ‘ले रिपू’तला लाच खायला शिकणारा तरुण पोलिस केला, मग 1998 मध्ये फ्रांसिस व्हेबेरच्या ‘ल दिने द कों’मध्ये मूर्खाला जेवायला बोलावून त्याची टर उडवू पाहणारा प्रकाशक. मूर्ख झाला होता झाक व्हिल्रे, आणि सेझार त्यालाच मिळाला. (भारतीय प्रेक्षकाने हीच कल्पना ‘भेजा फ्राय’मध्ये विनय पाठक आणि रजत कपूर यांच्या रूपात पाहिली आहे.) ज्युन्योला ‘ले कोरिस्त’ने, सुधारगृहातल्या मुलांना गायला शिकवणाऱ्या मास्तराने, गंभीर प्रतिष्ठा दिली. क्लाव्हिए मात्र हशा सोडून गेला नाही. 1993 च्या ‘ले व्हिझितर’मध्ये झां रेनोसोबत मध्ययुगातून आधुनिक काळात येऊन पडलेला नोकर, 1 कोटी 37 लाख तिकिटं.

कोलूशही तोवर गंभीर भूमिकेपर्यंत पोचला होता. 1983 च्या ‘च्याव पांतां’मध्ये त्याने रात्रपाळीचा दारुडा पेट्रोलपंपवाला केला, हसवणारा चेहरा पार विझवून टाकलेला. सेझार मिळाला. 1985 मध्ये रेडिओवरून त्याने गरिबांना फुकट जेवण देणारी ‘रेस्तो द्यु कर’ ही मोहीम सुरू केली. ती आजही चालते. जून 1986 मध्ये मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. द्व्हेरने त्याआधीच, 1982 मध्ये, आपलं आयुष्य संपवलं होतं.

ही मंडळी मोठी होऊन मोठ्या चित्रपटांत गेली आणि त्यांनी सोडलेली जागा तळघरांतून दिवाणखान्यात आली. सरकारी वाहिनीवर फिलिप बुव्हारने 1982 मध्ये आपलं ‘छोटं थिएटर’ सुरू केलं; तरुण नटांनी छोटे प्रवेश लिहायचे, सादर करायचे. त्यातूनच पुढे ‘लेझांकोन्यु’ हे त्रिकूट निघालं आणि 1995 मध्ये त्यांच्या ‘ले त्रुआ फ्रेर’ला 66 लाखांहून अधिक प्रेक्षक मिळाले. नोव्हेंबर 1984 मध्ये पैसे भरून पाहायची कानाल प्ल्यु वाहिनी सुरू झाली, आणि इथे हिशोबच बदलला. या वाहिनीने उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा फ्रेंच चित्रपटांत घालणं बंधनकारक होतं. म्हणजे नटाला ओळख देणारा आणि त्याच्या पहिल्या चित्रपटाला पैसा लावणारा एकच. ‘ले न्युल’ या चौकडीने तिथे बातम्यांची आणि जाहिरातींची टिंगल केली. चौघांतला ब्रुनो कारेत 1989 मध्ये तिशीतच वारला. उरलेल्या तिघांनी 1994 मध्ये कान महोत्सवात घडणाऱ्या खुनांवर ‘ला सिते द ला पर’ काढला. त्यांच्यातला आलां शाबा पुढे ‘आस्तेरिक्स’चा दिग्दर्शक झाला.

पुढची फळीही टीव्हीच्याच वाटेने आली. झां द्युजार्दां आला तो 1999 मध्ये फ्रान्स 2 वर सुरू झालेल्या ‘अँ गार, युन फिय’तून. आलेक्सांद्रा लामीसोबत नवरा-बायकोसारख्या जोडप्याचे काही मिनिटांचे रोजचे खटके. मूळ कल्पना क्वेबेकची. ओमार सी आला ‘सर्व्हिस सेंटर’मधून: फ्रेद तेस्तोसोबत कानाल प्ल्युवर तो वेड्या ग्राहकांचे फोन घेई, 2005 पासून.

24 फेब्रुवारी 2012 ला सेझार जाहीर झाले. उत्कृष्ट अभिनेत्याच्या यादीत हे दोघंही होते. द्युजार्दां ‘द आर्टिस्ट’साठी, ज्यात तो बोलपटामुळे संपलेला मूकपटाचा नायक होता; सी ‘अँतुशाब्ल’साठी, ज्यात तो चाकाच्या खुर्चीतल्या श्रीमंताचा सांभाळ करणारा होता आणि ज्याला 1 कोटी 94 लाख प्रेक्षक मिळाले होते. सेझार सीला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अभिनेता. दोन दिवसांनी लॉस एंजेलिसमध्ये द्युजार्दांने उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर उचललं, असं करणारा पहिला फ्रेंच अभिनेता म्हणून. दोघांनाही ओळख मिळाली होती ती टीव्हीवरच्या काही मिनिटांच्या प्रहसनांतून. ‘सर्व्हिस सेंटर’ त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत चालूच होतं.

तरी विनोदाला मान मिळत नसल्याची जुनी कुरबूर संपलेली नव्हती. त्याआधी, 2008 मध्ये, दानी बूनच्या ‘बियेंव्हन्यु शे ले श्ती’ने, उत्तरेकडच्या बोलीवर आणि तिच्याविषयीच्या गैरसमजांवर रचलेल्या विनोदी चित्रपटाने, 2 कोटी 4 लाख तिकिटं विकली. ‘ला ग्रांद व्हाद्रुई’चा फ्रेंच विक्रम 42 वर्षांनी मोडला. सेझारमध्ये त्याच्या वाट्याला एकच नामांकन आलं, पटकथेचं. बून चिडला, विनोदी चित्रपटांसाठी वेगळा पुरस्कार हवा म्हणाला. 2018 मध्ये सेझार देणाऱ्या मंडळाने ‘प्रेक्षकांचा सेझार’ काढला: वर्षभरात सर्वाधिक तिकिटं विकलेल्या फ्रेंच चित्रपटाला. पहिला मान बूनच्याच ‘रेद दँग’ला, दुसरा ‘ले त्युश’च्या तिसऱ्या भागाला; दोन्ही विनोदी. तिसऱ्या वर्षी नियम बदलला. सर्वाधिक चाललेल्या पाच चित्रपटांतून मंडळाचे सभासद मत देऊन एक निवडू लागले, आणि बक्षीस गेलं उपनगरातल्या पोलिसी अत्याचारावरच्या ‘ले मिझेराब्ल’ला. 2021 मध्ये हा पुरस्कार यादीत नव्हता. त्याच सोहळ्यात स्प्लांदिदच्या मंडळींना एकत्रित गौरवाचा सेझार देण्यात आला.